आवार आपलं, गाडी आपली. तरी आधी मंजूर नकाशा पाहा

आमच्या जुन्या घराच्या डाव्या अंगाला, भिंतीपासून कंपाउंडपर्यंत, दहाएक फुटांचा मोकळा पट्टा होता. बाबांनी पहिली गाडी घेतली त्या वर्षी त्यांनी तिथं लोखंडी खांब रोवले, वर पत्रे टाकले आणि पुढे शटर बसवलं. गाडी उन्हापावसातून वाचली आणि सगळे खूश झाले. सहा वर्षांनी महापालिकेची नोटीस आली. बाबा नोटीस हातात धरून पुन्हा पुन्हा एकच विचारत होते, "जागा माझी, गाडी माझी, मग यांना अडचण काय?" याचं उत्तर शोधायला आम्हाला दोन महिने लागले. ते बांधकामाच्या मंजूर नकाशावर पहिल्या दिवसापासून छापलेलं होतं. घरातल्या कुणीही तो नकाशा कधी उघडूनच पाहिला नव्हता.

पुढे मी फ्लॅटमध्ये राहायला आले आणि चार वर्षं सोसायटीची सचिव होते. त्या काळात पार्किंगवरून झालेली भांडणं मोजायची म्हटली तर वही पुरणार नाही. पण एक गोष्ट दर वेळी दिसली. मंजूर नकाशा टेबलावर उलगडला की निम्मी भांडणं तिथंच शांत व्हायची, कारण कोणाची जागा कुठली, रिकामी सोडायची कुठली आणि मुळात पार्किंग नसलेली कुठली, हे त्यावर स्पष्ट असतं. म्हणून महाराष्ट्रात नुकतंच घर किंवा गाडी घेतलेल्यांसाठी हे लिहिते आहे. तुमचं प्रकरण आधीच न्यायालयात असेल तर मात्र तुमच्या वकिलांचंच ऐका.

आधी ठरवा: तुमच्या जागेला कुणाचे नियम लागू आहेत?

पार्किंगचा विषय निघाला की लोक एकदम "कायदा काय म्हणतो?" असं विचारतात. इथं एकच कायदा नाही, तीन वेगळ्या थरांचे नियम एकमेकांवर बसलेले असतात.

पहिला थर नियोजनाचा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६, म्हणजे आपण ज्याला एमआरटीपी म्हणतो, तो मूळ कायदा. त्याखाली राज्याच्या बहुतेक भागांसाठी डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. बांधकाम खात्यात आणि आर्किटेक्टकडे तिला सगळे 'यूडीसीपीआर' म्हणतात. तिचं आठवं प्रकरण पूर्णपणे पार्किंगवर आहे. बृहन्मुंबई महापालिकेची हद्द तिच्यातून वगळलेली आहे, तिथं 'डीसीपीआर २०३४' चालते. एमआयडीसीचं क्षेत्र आणि गिरिस्थान नगरपरिषदा अशा आणखीही काही भागांना ती लागू नाही. तुमचं घर अशा भागात असेल तर पुढचे आकडे तसेच्या तसे धरू नका. रीत मात्र सगळीकडे तीच आहे.

दुसरा थर तुमच्या इमारतीचा: खरेदीचा करारनामा, सोसायटीचे उपविधी, किंवा सोसायटीऐवजी अपार्टमेंट मालकांचा संघ असेल तर घोषणापत्र, ज्याला 'डीड ऑफ डिक्लरेशन' म्हणतात. तिसरा थर फाटकाबाहेरचा, म्हणजे रस्त्याचा. तिथं मोटार वाहन कायदा आणि वाहतूक पोलीस.

तुमची अडचण कुठल्या थरातली आहे हे आधी ओळखा. चुकीच्या दारात केलेली तक्रार महिनोन्‌महिने पडून राहते. शेजाऱ्याने स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या मोकळ्या पार्किंगमध्ये, भिंत घातली तर ती महापालिकेची बाब आहे. त्याने तुमच्या ठरलेल्या जागेत गाडी लावली तर ती सोसायटीची. तुमच्या फाटकासमोर रस्त्यावर गाडी लावून तो निघून गेला तर वाहतूक पोलिसांची.

प्लॉट घेणार असाल किंवा जुनं स्वतंत्र घर घेणार असाल तर नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा काढून घ्या. जागा रहिवास विभागात आहे का, तिच्यावरून विकास योजनेतला रस्ता किंवा रस्तारुंदीची रेषा जाते का, हे त्यात कळतं. रस्तारुंदीत पुढचे दोन मीटर जाणार असतील तर आज जिथं तुम्ही गाडी लावायचं ठरवता आहात ती जागा उद्या राहणार नाही.

नकाशा हातात घ्या

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या, कारण बाकी सगळं हिच्यावर उभं आहे.

तुम्हाला लागतात तीन कागद: बांधकाम परवानगी, तिच्यासोबतचा शिक्का असलेला मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायला दिल्याचा दाखला. नकाशा पुढे सुधारित झाला असेल तर शेवटचा सुधारित नकाशा लागेल. विक्रेत्याकडे किंवा बिल्डरकडे 'ब्रोशर'वरचा रंगीत नकाशा मागितला की तो लगेच मिळतो, पण त्याला काडीचीही किंमत नाही. शिक्क्याचा हवा. प्रकल्प महारेराकडे, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, नोंदलेला असेल तर त्यांच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर मंजूर नकाशे आणि परवानग्या अपलोड केलेल्या असतात, त्या फुकट पाहता येतात. जुन्या सोसायटीत सचिवांच्या कपाटात एक प्रत असायला हवी. नसेल तर महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या बांधकाम परवानगी विभागात प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा. अर्जात सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे क्रमांक, प्लॉट क्रमांक आणि माहीत असल्यास बांधकाम परवानगीचा क्रमांक व तारीख द्या. नुसता पत्ता दिला तर फाइल सापडत नाही.

साध्या अर्जाला उत्तर मिळालं नाही तर माहितीचा अधिकार आहे. २००५ च्या या कायद्याप्रमाणे जनमाहिती अधिकाऱ्याने ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं. अर्जात प्रश्न विचारू नका, कागद मागा. "स्टिल्टमध्ये दुकान कसं काय चालतं?" याचं उत्तर येणार नाही. "अमुक क्रमांकाच्या इमारतीच्या मंजूर नकाशातील तळमजला व पार्किंग तक्त्याची प्रमाणित प्रत द्यावी" याचं येतं. आमच्या सोसायटीत आम्ही हेच वाक्य लिहिलं होतं आणि तीन आठवड्यांत प्रत मिळाली.

आता नकाशा वाचायचा कसा? पहिल्यांदा पाहणाऱ्याला रेषांचं जंगल दिसतं. घाबरू नका, चार गोष्टी शोधा.

एक, प्लॉटची हद्द आणि इमारतीची बाह्यरेषा. या दोहोंमधली मोकळी जागा म्हणजे सामासिक अंतर, बोलीत 'मार्जिन'. पुढचं, मागचं आणि बाजूंचं मार्जिन मीटरमध्ये लिहिलेलं असतं.

दोन, पार्किंगचे चौकोन. कारचा चौकोन साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर, दुचाकीचा एक बाय दोन. त्यावर क्रमांक असतात. क्रमांक नसलेली मोकळी जागा ही 'शिल्लक पार्किंग' समजू नका. ती बहुधा गाडी वळवायला किंवा ये-जा करायला सोडलेली असते.

तीन, पार्किंगचा तक्ता. नकाशाच्या कडेला तो असतो: किती सदनिका, त्यांचं चटई क्षेत्र किती, नियमाने किती गाड्यांची सोय लागते आणि किती दिली. इथं अनेकांना धक्का बसतो. यूडीसीपीआरमध्ये ४० ते ८० चौरस मीटर चटई क्षेत्राच्या दोन सदनिका मिळून एका कारची जागा धरली आहे, आणि शहराच्या वर्गवारीनुसार त्या आकड्याला गुणकही लागतो. म्हणजे मध्यम आकाराच्या फ्लॅटच्या इमारतीत प्रत्येक घराला एक कार मुळातच मोजलेली नसते. बिल्डरने फसवलं असा तुमचा समज असेल तर आधी हा तक्ता पाहा. कधी कधी फसवणूक असतेही, पण ती सिद्ध करायलाही हाच तक्ता लागतो.

चार, रस्त्यापासून पार्किंगपर्यंतची वाट, उतार आणि फाटक. उंच इमारतीत अग्निशमन दलाच्या बंबासाठी इमारतीभोवती सहा मीटरची वाट मोकळी ठेवलेली असते. ती वाट नकाशावर ओळखा आणि मनात पक्की करा.

नकाशा कळला नाही तर परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरला तासभर बसवून समजून घ्या. त्याची फी पुढच्या त्रासापेक्षा नक्कीच कमी असेल.

स्वतंत्र घर किंवा बंगला असेल तर

आता बाबांच्या शेडकडे येऊ. तो पट्टा बाजूचं सामासिक अंतर होता. ही अंतरं हवा, उजेड आणि आगीच्या वेळी माणसांना आणि बंबाला जाता यावं म्हणून सोडायला लावलेली असतात. तिथं गाडी उभी करणं आणि तिथं बांधकाम करणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नवख्यांची गल्लत नेमकी इथंच होते.

मोकळ्या मार्जिनमध्ये पार्किंगला यूडीसीपीआरमध्ये मुभा आहे, पण इमारतीभोवतीचं किमान तीन मीटर अंतर गाड्यांपासून मोकळं ठेवायचं असतं. विशेष इमारतींना, ज्यात उंच इमारती येतात, ते सहा मीटर आहे. छोट्या प्लॉटवर एवढी जागाच नसते. म्हणून तुमच्या नकाशावर गाडीची जागा कुठं दाखवली आहे तेच प्रमाण माना. एक कोपरा गॅरेजसाठी दाखवता येतो. मागच्या किंवा बाजूच्या कोपऱ्यात ठरावीक मापाच्या गॅरेजला परवानगी मिळू शकते. ती आधी मागायची, गॅरेज बांधून झाल्यावर नव्हे.

पत्र्याची शेड, शटर, विटांची अर्धी भिंत, कायमचे खांब या सगळ्याला परवानगी लागते. "नटबोल्टवर आहे, कधीही काढता येईल" असं फॅब्रिकेटर छातीठोकपणे सांगतो. एमआरटीपीच्या कलम २(७) मधली विकासाची व्याख्या मात्र फार रुंद आहे. जमिनीवर, वर किंवा खाली केलेलं बांधकाम तर तिच्यात येतंच, शिवाय इमारतीच्या किंवा जमिनीच्या वापरात केलेला मोठा बदलही येतो. शेड घालायचीच असेल तर आर्किटेक्टमार्फत नकाशावर दाखवून कलम ४४ खाली अर्ज करा. नुसतं कापडी कव्हर गाडीवर घालायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि खरं सांगते, बहुतेक घरांना तेवढं पुरतं.

फाटकाबद्दल एक लहान पण महत्त्वाचा मुद्दा. फाटक पूर्णपणे आत उघडलं पाहिजे. गाडी आत मावत नाही म्हणून ते बाहेर रस्त्यावर उघडणारं करून घेणारे बरेच दिसतात. शाळेच्या वेळेला असं फाटक एखाद्या सायकलवरच्या मुलाच्या अंगावर उघडलं तर काय होईल, याचा विचार करा. जागा कमी असेल तर सरकतं फाटक बसवा.

उताराचंही तसंच. जोतं उंच असलं की गाडी चढवायला उतार लागतो. तो तुमच्या हद्दीच्या आत संपला पाहिजे. गटारावर आणि पदपथावर सिमेंट टाकून केलेला उतार हे सार्वजनिक रस्त्यावरचं अतिक्रमण आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ प्रमाणे आयुक्तांना ते काढून टाकता येतं. शिवाय गटार बुजलं की पहिल्याच मोठ्या पावसात पाणी तुमच्याच दारात शिरतं. आमच्या गल्लीत हे दर पावसाळ्यात व्हायचं, आणि लोक नाल्याला दोष द्यायचे.

फ्लॅट असेल तर: आधी करारनामा, मग सोसायटी

इथं सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. त्यातला सर्वांत मोठा म्हणजे "मी पार्किंग विकत घेतलं आहे."

३१ ऑगस्ट २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने नहालचंद लालूचंद प्रायव्हेट लिमिटेड विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या खटल्यात निकाल दिला. ही संस्था मुंबईतल्या दहिसरची. बिल्डरचं म्हणणं होतं की स्टिल्टमधली पार्किंगची जागा ही वेगळी मालमत्ता आहे आणि ती तो कुणालाही विकू शकतो. न्यायालयाने ते मान्य केलं नाही. १९६३ च्या मोफा, म्हणजे बिल्डरांच्या फ्लॅटविक्रीवरच्या राज्याच्या कायद्याखाली, स्टिल्ट पार्किंग हे 'गॅरेज' होत नाही, ते फ्लॅटसारखं स्वतंत्र विकता येत नाही, ते इमारतीच्या सामाईक भागात मोडतं, असं ठरलं. त्यामुळे जुन्या इमारतीत कुणी "तळमजल्यावरचं माझं पार्किंग तुला एवढ्या लाखांना देतो" म्हणाला तर थांबा. त्याच्याकडे विकण्यासारखं काय आहे, हा पहिला प्रश्न.

बांधकाम प्रकल्पांवर नियमन आणणारा रेरा कायदा २०१६ चा. त्यात उघडी पार्किंगची जागा स्पष्टपणे सामाईक क्षेत्रात धरली आहे, म्हणजे तिचे पैसे घेता येत नाहीत. गॅरेजची व्याख्याही दिली आहे: वर छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेली गाडीची जागा. महारेराने जुलै २०२१ च्या परिपत्रकात हे फरक उलगडून सांगितले. एप्रिल २०२४ पासून तर पार्किंगचा तपशील करारनाम्यासोबत जोडपत्रात द्यावा लागतो: जागेचा क्रमांक, लांबी, रुंदी, उंची आणि नेमकं ठिकाण. हे का झालं ते कुठल्याही नव्या इमारतीत गेलात की कळेल. दोन खांबांच्या मध्ये अशी जागा देतात की गाडी आत जाते, पण दार उघडत नाही. किंवा वर तुळई इतकी खाली असते की उंच गाडी घासते.

म्हणून घर घेताना या क्रमाने चला. करारनाम्यात पार्किंग शब्दाने नव्हे, क्रमांकाने लिहिलं आहे का ते पाहा. तोच क्रमांक मंजूर नकाशावर शोधा. मग प्रत्यक्ष जागेवर मोजपट्टी घेऊन जा. हो, मोजपट्टी. लांबी, रुंदी आणि तुळईखालची उंची मोजा, शेजारच्या खांबाचं अंतर मोजा, आणि शक्य असेल तर तुमची गाडीच तिथं लावून पाहा. तीन ठिकाणी एकच उत्तर आलं तर सही करा. 'स्टॅक पार्किंग' असेल, म्हणजे एकावर एक गाड्या यंत्राने उचलायच्या, तर वरची की खालची, यंत्राच्या दुरुस्तीचा खर्च कुणी करायचा आणि तुमच्या गाडीचं वजन त्याला चालतं का, हे लेखी घ्या.

जुना फ्लॅट घेत असाल तर विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर विसंबू नका. "या सदस्याला सध्या अमुक पार्किंग दिलेलं आहे आणि हस्तांतरणानंतर त्याचं काय होईल" असं सोसायटीकडून पत्र मागा. अनेक सोसायट्यांत जागा सदस्याला दिलेली असते आणि तो गेला की ती सोसायटीकडे परत येते. अपार्टमेंट असेल तर घोषणापत्रात तुमच्या युनिटला कुठली मर्यादित सामाईक जागा जोडली आहे ते वाचा.

आता सोसायटीचा कारभार. शासनाच्या आदर्श उपविधींत ७८ पासून पुढे पार्किंगची कलमं आहेत. तुमच्या सोसायटीने कुठले उपविधी स्वीकारले आहेत ते पाहावं लागेल, पण सर्वसाधारण रीत अशी: जागावाटपाचं धोरण सर्वसाधारण सभा ठरवते, एकटी कार्यकारिणी नाही. एका सदस्याला साधारणपणे एकच जागा. उरली तर दुसरी देता येते, तीही वर्षापुरती आणि दुसऱ्या कुणाला पहिली लागत नसेल तर. गाड्या जास्त आणि जागा कमी असतील तर दर वर्षी सोडत काढायची. आणि जागा घेतलेल्याने तिथं गाडी लावली नाही तरी शुल्क द्यायचं.

सोडत काढायला लोक बिचकतात. वर्षानुवर्षं एका खांबाशी गाडी लावणाऱ्याला ती जागा आपली वाटू लागते. आम्ही पहिली सोडत काढली तेव्हा एका आजोबांचा चेहरा पडला होता, कारण त्यांना गुडघ्यामुळे लिफ्टजवळची जागा हवी होती. पुढच्या सभेत आम्ही ठराव केला: ज्येष्ठ आणि अपंग सदस्यांसाठी लिफ्टजवळच्या दोन जागा सोडतीबाहेर ठेवायच्या. कुणीही विरोध केला नाही. नियम माणसांसाठी वापरायचा तर तो सभेत, ठरावाने आणि सगळ्यांसमोर वापरावा, म्हणजे पुढच्या कार्यकारिणीलाही तो पाळता येतो.

सोसायटीशी तक्रार असेल तर आधी सचिवांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. व्हॉट्सअ‍ॅप गटावरचा संताप हा अर्ज होत नाही. उत्तर नाही आलं तर उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे जाता येतं. सदस्य आणि सोसायटी यांच्यातल्या बऱ्याच वादांसाठी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालय आहे. तिथं वेळ लागतो, म्हणून आधीच्या पायऱ्या प्रामाणिकपणे करा.

आणि एक गोष्ट कधीच करू नका: स्टिल्टमधल्या आपल्या जागेला जाळी, भिंत किंवा शटर लावून ती बंद करणं. पार्किंगचं क्षेत्र एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर मंजूर असलेल्या बांधकाम क्षेत्रात, मोजलेलं नसतं. ते फक्त पार्किंगसाठी म्हणून सवलतीत मिळालेलं असतं. तिथं गोदाम, दुकान किंवा वॉचमनची खोली केली की तो मंजूर वापराचा भंग होतो, आणि नोटीस कधी कधी पूर्ण सोसायटीच्या नावाने येते.

कुठली गाडी, आणि कशासाठी?

स्वतःची कार, दुचाकी किंवा सायकल घरापाशी लावणं हा निवासी वापराचाच भाग आहे. उपविधींत दुचाकी आणि इतर वाहनांसाठीही कार्यकारिणीची परवानगी घ्यायला सांगितलेलं असतं. ती घेऊन टाका.

प्रश्न येतो तो टेम्पो, टुरिस्ट गाड्या आणि दुरुस्तीच्या कामाचा. एखादा चालक रात्री आपली टॅक्सी आपल्या नेमलेल्या जागेत लावतो यात गैर काही नाही, आणि अशा माणसाला सोसायटीने छळू नये असं मला मनापासून वाटतं. त्याचं पोट त्या गाडीवर आहे. पण रहिवासी प्लॉटवर पाच टेम्पो उभे करून तिथून मालाची चढउतार सुरू झाली, किंवा अंगणात गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग सुरू झालं, तर जागेचा वापर बदलला. त्यासाठी रहिवास विभागात तो व्यवसाय चालतो का आणि समोरच्या रस्त्याची रुंदी पुरेशी आहे का, हे नगररचना विभागाकडून आधी लेखी विचारा.

बंद पडलेल्या गाड्या हे दुसरं दुखणं. प्रत्येक सोसायटीत कोपऱ्यात धूळ खात पडलेली एक तरी कार असते, चारही टायर बसलेले. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे नूतनीकरण करावं लागतं. वापरायचीच नसेल तर नोंदणीकृत वाहन निष्कासन केंद्रात द्या, ठेव प्रमाणपत्र घ्या आणि आरटीओत नोंदणी रद्द करा. भंगारवाल्याला तशीच देऊ नका. नोंदणी तुमच्या नावावर राहते, आणि पुढे त्या क्रमांकाचं काही झालं तर पोलीस तुमच्या दारात येतात.

विजेवर चालणारी गाडी घेतली असेल तर तुमच्या जागेत चार्जर लावण्याची परवानगी सोसायटीकडे लेखी मागा आणि वीज कंपनीकडून भारक्षमता तपासून घ्या. सामाईक मीटरवरून वायर ओढून रात्रभर चार्जिंग करणं धोक्याचं आहे आणि शेजाऱ्यांवर अन्यायाचंही.

फाटकाबाहेर

घरासमोरचा रस्ता तुमचा नाही. तिथं कुंड्या, दगड किंवा जुने टायर ठेवून जागा अडवता येत नाही, आणि तुम्ही स्वतः लावलेल्या 'नो पार्किंग'च्या पाटीला कायद्याचा आधार नाही. अधिकृत पाटी वाहतूक पोलिसांच्या अधिसूचनेनंतर लागते. गल्ली अरुंद असेल आणि रोज कोंडी होत असेल तर सगळ्या रहिवाशांच्या सह्यांनिशी वाहतूक शाखेकडे सम-विषम पार्किंगची किंवा एका बाजूला मनाई करण्याची मागणी करा.

पण तुमचं फाटक अडवून कुणी गाडी लावली तर ते चूकच आहे. गाडीचा, तिच्या क्रमांकाचा आणि अडलेल्या फाटकाचा एकत्र दिसणारा फोटो काढा आणि वाहतूक नियंत्रण कक्षाला कळवा. हवा काढणं किंवा काचेवर ओरखडे हे उपाय नव्हेत. त्याने गुन्हा तुमच्यावर येतो. बेवारस गाडी दहा तासांहून अधिक काळ सार्वजनिक जागी पडून असेल तर मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १२७ खाली गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याला ती उचलून न्यायला सांगता येतं.

नोटीस आली तर

नोटीस घ्या. घ्यायला नकार दिला तर ती दारावर चिकटवतात आणि मुदत चालूच राहते.

मग तिच्यात चार गोष्टी वाचा: कुठल्या कायद्याचं कुठलं कलम, नेमकं कुठलं बांधकाम किंवा कुठला वापर, किती दिवसांची मुदत आणि सही कुणाची. आमच्या नोटिशीत एमआरटीपीचं कलम ५३ होतं. या कलमात एक महत्त्वाची सोय आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. नोटिशीच्या मुदतीच्या आतच ते बांधकाम ठेवण्यासाठी कलम ४४ खाली परवानगीचा अर्ज करता येतो, आणि त्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत नोटिशीचा अंमल थांबतो. मुदत संपल्यावर केलेल्या अर्जाला हा आधार राहत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी आर्किटेक्टला फोन करा, नगरसेवकाला नंतर.

नियमात बसत नसेल तर बांधकाम स्वतः काढा, काढण्याआधीचे आणि नंतरचे तारखेसह फोटो घ्या आणि लेखी कळवून पोच घ्या. पालिकेने काढलं तर खर्च तुमच्याकडून वसूल होतो आणि पत्रे, खांबही धड मिळत नाहीत. तक्रार कुणी केली हे शोधत बसू नका. आम्ही दोन आठवडे त्यातच घालवले आणि शेजारच्या काकूंशी विनाकारण अबोला धरला. तक्रार त्यांची नव्हतीच.

शेवटी बाबांनी शटर काढलं, पत्रे उतरवले आणि पट्टा मोकळा केला. आर्किटेक्टने सुधारित नकाशा केला, मागच्या कोपऱ्यात नियमात बसेल एवढं गॅरेज दाखवलं, आणि पाच महिन्यांनी परवानगीचं पत्र आलं. जुने खांब तिथंच वापरले. त्या पत्राची आणि नकाशाची प्लास्टिकच्या पाकिटातली प्रत आजही गॅरेजच्या आतल्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली आहे.